विसरलेली नऊ नावे : कोल्हापुरातील एका शिक्षक कार्यशाळेचा अभिप्राय

दीड महिन्यापूर्वी दसरा चौकापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका सभागृहात शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची शिक्षक कार्यशाळा झाली. वर्गातील पूर्वग्रह आणि भेदभाव शिक्षकाने कसा ओळखावा आणि ओळखल्यावर नेमके काय करावे, हा तिचा विषय होता. शुल्क 1,500 रुपये होते. त्यात दुपारचे जेवण, दोन वेळचा चहा आणि 64 पानांची एक हस्तपुस्तिका यांचा समावेश होता. जिल्हा परिषदेच्या शाळा, अनुदानित हायस्कुले आणि दोन-तीन इंग्रजी माध्यमाच्या शाळा अशा सगळीकडून मिळून आम्ही 34 शिक्षक होतो. आयोजक संस्था बाहेरगावची असून ती वेगवेगळ्या जिल्ह्यांत अशा कार्यशाळा घेते. तिचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण मला काही उणिवा स्पष्टपणे नोंदवायच्या आहेत. ज्यांच्या शाळेत पत्रक आले असेल त्यांना ती ओळखू येईलच.

मी करवीर तालुक्यात, शहराच्या कडेला असलेल्या एका हायस्कुलात गेली 19 वर्षे मराठी आणि इतिहास शिकवते आणि यंदा आठवीची वर्गशिक्षिका आहे. आमच्या पटावर शेतकऱ्यांची मुले आहेत, औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्यांची आहेत, वीटभट्टीवरची आहेत, आणि गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर मराठवाड्यातून आलेलीही चार-दोन असतात. असे असूनही कार्यशाळेचे पत्रक शिक्षक खोलीतील टेबलावर आले तेव्हा माझ्यासह सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया एकच होती : हे आपल्याकडे कशाला? शाहू महाराजांच्या गावात राहतो, दर 26 जूनला जयंती करतो, भाषणे बसवून घेतो, तेव्हा भेदभावाचा विषय आपल्याकडून कधीच निकालात निघाला आहे, असे आम्ही मनोमन धरून चालतो. पुण्यामुंबईच्या लोकांना हे आत्मसमाधान कदाचित चमत्कारिक वाटेल, पण कोल्हापुरात शिकवणाऱ्या कोणालाही ते लगेच ओळखता येईल. मुख्याध्यापकांनी पत्रकावर माझे नाव लिहिले ते केवळ शनिवारी माझे तास कमी असतात म्हणून.

पहिल्या सत्रातच या कार्यशाळेने माझे पैसे वसूल करून दिले, असे म्हणायला हरकत नाही. प्रशिक्षक दोन होते : एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे बाई म्हणत होते, आणि एक मानसशास्त्र शिकलेल्या तरुण प्रशिक्षिका. बाईंनी प्रस्तावना केली नाही, दीपप्रज्वलनही झाले नाही. प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद देऊन त्यांनी एवढेच सांगितले की, आपल्या वर्गातील सर्व मुलांची नावे, पट न बघता, आठवतील त्या क्रमाने दहा मिनिटांत लिहा. माझ्या वर्गाच्या पटावर 52 मुले आहेत. मी 43 नावे लिहिली आणि थांबले. पहिली सात-आठ नावे तर पेन कागदावर टेकण्याआधीच सुचली होती. त्यांत वर्गप्रमुख होता, वक्तृत्व स्पर्धेला जाणाऱ्या दोघी होत्या आणि आमच्याच शाळेतील एका शिक्षकांचा मुलगा होता. नंतर मोबाइलमध्ये पटाचे छायाचित्र पाहून राहिलेली नावे वेगळ्या रकान्यात लिहायची होती, आणि प्रत्येक नावापुढे ते मूल कुठे बसते, घरी कोणती भाषा बोलते आणि आपण त्याला शेवटचा प्रश्न कधी विचारला, हे नोंदवायचे होते.

माझी राहिलेली नावे नऊ. त्यांतील चार मुले वीटभट्टीवरची होती. तीन मुस्लिम मुली होत्या, ज्या दाराकडच्या शेवटच्या बाकावर एकत्र बसतात. एका मुलाला डाव्या कानाने कमी ऐकू येते. नववी मुलगी यांपैकी कुठल्याच गटात बसत नव्हती. तिचे अक्षर वर्गात सर्वांत सुंदर आहे आणि ती कधीच बोलत नाही. शेवटच्या रकान्यात मला नऊपैकी सात मुलांपुढे काहीच लिहिता आले नाही. शेजारच्या सरांनी थोडे हसून म्हटले की, साठ-साठ मुले असतात हो, विसरायला होतंच. त्यावर बाई म्हणाल्या, "विसरायला होतंच. कोण विसरलं जातं, तेवढंच बघायचं." त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही बराच वेळ बोललो नाही. कोणीही कोणावर आरोप केला नव्हता, कोणाच्या जातीचा उल्लेख झाला नव्हता. आपल्याच हस्ताक्षरातला कागद समोर होता, म्हणून त्याच्याशी वाद घालता येत नव्हता.

दुसऱ्या सत्रात कार्यशाळा शाळेच्या कागदपत्रांकडे वळली आणि येथे माझी स्वतःची एक कबुली द्यावी लागेल. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले की मी अनेक वर्षे जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश नोंदवही, जिच्यात प्रत्येक मुलाची जातही असते) उघडून वर्गातच विचारत आले आहे : अनुसूचित जातीची मुले कोण, उभी राहा; भटक्या-विमुक्तांची कोण, हात वर करा; जातीचा दाखला कोणाचा राहिला आहे? यात मला कधी काही गैर वाटले नव्हते, कारण हेतू मुलांना पैसे मिळवून देण्याचाच होता. तरुण प्रशिक्षिकेने येथे एक गोष्ट लक्षात आणून दिली की, आपल्याकडे मदतीच्या योजनांनीच कित्येकदा मुलांना वर्गासमोर उभे केले आहे. दुर्बल घटकांतील मुलींसाठी 1992 साली सुरू झालेला उपस्थिती भत्ता दिवसाला 1 रुपया होता, आणि तो वाटताना नावे मोठ्याने वाचली जात. मोफत गणवेश बरीच वर्षे सर्व मुली आणि अनुसूचित जाती-जमातींचे व दारिद्र्यरेषेखालील मुलगे यांच्यापुरताच होता, त्यामुळे कोणत्या मुलाचा गणवेश नवा कोरा आहे यावरून वर्गाला सगळे समजत असे.

याच्या जोडीला त्यांनी कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत केलेल्या प्रयोगाची माहिती दिली, आणि संपूर्ण तीन दिवसांतील सर्वांत नेमका संदर्भ मी तोच मानते. सहावी-सातवीच्या वयाच्या 600 हून अधिक मुलग्यांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती आणि सुटलेल्या कोड्यांमागे पैसे होते. जात जाहीर केली नव्हती तेव्हा उच्च जातींतील आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. तीच कोडी सोडवण्याआधी प्रत्येकाचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर वाचली गेली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. मुलांची बुद्धी तीच होती आणि कोडीही तीच होती. मी पहिल्या तासाला रजिस्टर वाचून दुसऱ्या तासाला चाचणी घेतलेली कितीतरी वर्षे मला त्या वेळी आठवली.

मात्र येथेच कार्यशाळेची पहिली मोठी उणीव आहे. अर्जाची माहिती मुलांकडून एकेकट्याने, मधल्या सुट्टीत किंवा पालकांकडून घ्यावी, असा उपाय सांगितला गेला आणि तो बरोबरच आहे. परंतु वर्गात नावे वाचली जातात ती शिक्षक दुष्ट असतात म्हणून नव्हे. दुपारी अडीच वाजता शाळांच्या केंद्राकडून निरोप येतो की प्रवर्गनिहाय माहिती आजच संध्याकाळपर्यंत ऑनलाइन भरा, आणि वर्गशिक्षकाला 52 मुलांशी एकेकट्याने बोलायला वेळ कोठून येणार? जूनमध्येच ही माहिती दाखल्यांवरून एका वहीत उतरवून ठेवावी, हा साधा मार्ग आमच्यातल्याच एका जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी सुचवला. संस्थेच्या पुस्तिकेत तो नाही, तो असायला हवा.

उत्तरपत्रिका तपासण्याचा प्रयोग पहिल्या दिवशी दुपारी झाला. एकाच निबंधाच्या छायाप्रती वाटल्या होत्या, फक्त वरचे नाव आणि आडनाव दोन प्रकारचे होते, आणि आम्हाला 10 पैकी गुण द्यायचे होते. मागाहून बेरीज केल्यावर एका आडनावाला सरासरी थोडे जास्त गुण मिळालेले दिसले आणि प्रशिक्षिकेने लगेच जाहीर केले की, पूर्वग्रह सिद्ध झाला. हे मला पटले नाही आणि मी ते तेथेच सांगितले. प्रत्येक बाजूला 17 परीक्षक, त्यांत एक सर कोणालाच पाचाच्या वर गुण न देणारे; एवढ्या तुटपुंज्या आकड्यांवरून काहीही सिद्ध होत नाही. जो खरा अभ्यास या खेळामागे आहे तो रेमा हॅना आणि ली लिंडेन यांचा, भारतातच झालेला आणि 2012 साली प्रसिद्ध झालेला. त्यात उत्तरपत्रिकांवर जात यदृच्छेने लिहिलेली होती, आणि तथाकथित खालच्या जातींच्या नावावर गेलेल्या पत्रिकांना किंचित पण निश्चित कमी गुण मिळाले. त्यातला अधिक अस्वस्थ करणारा भाग असा की, हा फरक मुख्यतः त्याच जातींतून आलेल्या परीक्षकांच्या गुणांत आढळला. प्रशिक्षिकेला हे ठाऊक होते, चहाच्या वेळी विचारल्यावर तिने ते मान्यही केले, पण सभागृहात सांगितले नाही. लोक त्याचा भलता अर्थ काढतील, असे तिचे म्हणणे होते. शिक्षकांना अर्धेच सांगायचे आणि मग त्यांच्याकडून पूर्ण प्रामाणिकपणाची अपेक्षा धरायची, हे काही बरोबर नव्हे. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बैठक क्रमांक घालून घटक चाचण्या तपासाव्यात, ही यातून निघालेली सूचना मात्र बिनखर्ची आणि चांगली आहे.

दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या सत्राविषयी मला सर्वांत जास्त तक्रार आहे. अमेरिकेतील आयोवा राज्याच्या राइसव्हिल या गावी जेन एलियट या शिक्षिकेने एप्रिल 1968 मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतरच्या दिवशी, आपल्या तिसरीच्या वर्गात डोळ्यांच्या रंगावरून मुलांचे दोन गट केले होते. एका दिवशी एका गटाला श्रेष्ठ मानले आणि पुढे क्रम उलटा केला. हा प्रयोग जगभर सांगितला जातो. आमच्याकडे तो पिवळ्या आणि निळ्या फितींनी झाला. निळ्या फितीवाल्यांनी भिंतीला टेकून उभे राहायचे, पिवळ्यांनी खुर्च्यांवर बसायचे, निळ्यांना चहा शेवटी, असा सगळा तासभराचा खेळ होता. काही जणींच्या डोळ्यांत पाणी आले, काही जणांनी मनापासून अनुभव सांगितले, ते मी नाकारत नाही. पण एलियट यांच्या वर्गातील सगळी मुले गोरी होती आणि त्यांना वर्णभेद कधी सोसावा लागला नव्हता, म्हणून त्यांना तो कृत्रिम रीतीने जाणवून द्यावा लागला. आमच्या सभागृहात तशी स्थिती नव्हती. माझ्या रांगेतील एक शिक्षक, जे तोपर्यंत फारसे बोलले नव्हते, त्यांनी फीत काढून खुर्चीवर ठेवली आणि शांतपणे म्हटले, "मॅडम, ह्ये मला फीत लावून शिकायची गरज न्हाई." प्रशिक्षिकेने त्यांचे आभार मानले आणि खेळ पुढे चालू राहिला. माझ्या मते तेथे खेळ थांबायला हवा होता.

त्याच दिवशी जेवणाच्या वेळी जे घडले ते फितींच्या खेळापेक्षा अधिक शिकवणारे होते आणि ते कोणी पाहिलेच नाही. टेबले पाच होती. कोणीही न सांगता इंग्रजी माध्यमाच्या शिक्षिका एका टेबलावर बसल्या, अनुदानित शाळांतील जुने-जाणते दोन टेबलांवर, जिल्हा परिषदेचे शिक्षक चौथ्यावर, आणि तासिका तत्त्वावर काम करणारे तिघे तरुण पाचव्या टेबलावर एकटे. सकाळी फीत काढून ठेवणारे सर या तिघांसोबत होते. मी स्वतः दुसऱ्या टेबलावर होते आणि हात धुऊन परत येईपर्यंत हे माझ्याही लक्षात आले नाही. प्रशिक्षक स्वतंत्र खोलीत जेवत होते. पुढची कार्यशाळा घेताना त्यांनी कृपया सर्वांसोबत जेवावे. जेवण उत्तम होते, आमटीला कोल्हापूरची चव होती, तेव्हा त्यांचे काही नुकसान होणार नाही.

दुपारी बाईंनी भाषेवर घेतलेले सत्र या अभिप्रायात सर्वांत विस्ताराने सांगण्याजोगे आहे. आपण जातीवरून बोलणे टाळतो, धर्मावरून बोलताना आवाज खाली घेतो, पण भाषेवरून मुलांना वर्गात सर्रास हसतो आणि त्याला शुद्धलेखन म्हणतो, असे त्यांनी सांगितले. 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हणणारे मूल, 'आणि' ऐवजी 'आनी' लिहिणारे मूल, घरी कन्नड किंवा लमाणी बोलून शाळेत मराठी जुळवणारे मूल. यांना प्रश्न विचारायचे आपण हळूहळू सोडून देतो, कारण उत्तर आले की वर्ग हसतो आणि वर्ग आवरण्यात दोन मिनिटे जातात. मुलाला वाटते की आपले उत्तर चुकले. प्रत्यक्षात उत्तर बरोबर असते, फक्त उच्चार वेगळा असतो. बाईंचा उपाय असा होता की, तोंडी उत्तरात उच्चार सुधारायचा नाही, आशय घ्यायचा आणि तेच वाक्य आपण प्रमाण मराठीत सहज पुन्हा म्हणायचे. लेखनात मात्र नियम पूर्ण शिकवायचे, कारण परीक्षेत आणि नोकरीत तेच मागितले जाते आणि गरीब मुलाला ते आपल्याशिवाय दुसरे कोणी शिकवणार नाही. प्रमाणभाषा न शिकवणे हाही भेदभावच, हे त्यांचे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे.

याच सत्रात एक प्रसंग घडला. कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो', 'मी सांगतो' असे बोलतात, हे आपल्याला नवीन नाही. माझी आई आणि आजी तसेच बोलत असत आणि अध्यापक विद्यालयात गेल्यावर मी ते कष्टाने सोडले, कारण वसतिगृहातील मुली मला 'तो' म्हणून चिडवत. आमच्यातील राधानगरीकडच्या एक शिक्षिका उभ्या राहून म्हणाल्या, "मी एक उदाहरण सांगतो." तरुण प्रशिक्षिका हसून म्हणाली, "सांगते म्हणा, सांगतो नाही." सभागृह हसले. मीही हसले, हे लिहिणे भाग आहे. राधानगरीच्या त्या शिक्षिकेने उदाहरण दोन वाक्यांत उरकले आणि त्या खाली बसल्या. चहाच्या वेळी कोणीतरी प्रशिक्षिकेला ही गोष्ट सांगितली असावी, कारण पुढच्या सत्राच्या प्रारंभी तिने सर्वांसमोर, कोणतीही सारवासारव न करता, त्यांची माफी मागितली. हे मी तिच्या जमेच्या बाजूला धरते. तीन दिवसांत माफी मागणारी ती एकटीच होती. पण राधानगरीच्या बाई नंतर कार्यशाळा संपेपर्यंत प्रत्येक वेळी जपून 'सांगते', 'वाटते', 'म्हणते' असेच बोलत राहिल्या, आणि त्या जपून बोलण्यात त्यांचे निम्मे बोलणे गेले.

कायद्याच्या सत्राला जेमतेम 40 मिनिटे मिळाली. राज्यघटनेतील भेदभावाला मनाई करणारा अनुच्छेद 15 आणि अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद 17, शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारा अनुच्छेद 21क, आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील दुर्बल व वंचित घटकांतील मुलांशी भेदभाव होऊ नये ही शासनावर टाकलेली जबाबदारी, इतके सांगून झाले. शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई करणारे याच कायद्याचे कलम 17 तेवढे शिक्षकांनी नीट वाचावे; वर्गात एखाद्याला त्याच्या वस्तीच्या नावाने हाक मारणे हे कोठे बसते, याचा विचार तेथे करावा लागतो.

शेवटच्या दिवशी सकाळी दसरा चौक परिसरात पायी फेरी होती. शाहू महाराजांनी 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढायला सुरुवात केली आणि कोल्हापूर हे वसतिगृहांचे गाव झाले, हे आम्ही सारे मुलांना शिकवतोच. 26 जुलै 1902 चा नोकऱ्यांतील 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा जाहीरनामा, 1917 चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड, आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत बसवण्याचा निर्णय, हे सगळे फेरीत आले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानात महाराज स्वतः चहा घेत, ही गोष्टही आली. सगळे खरे आहे आणि सगळे पाठ आहे. म्हणूनच ही फेरी अर्ध्याहून अधिक शिक्षकांनी मोबाइलवर छायाचित्रे काढण्यात घालवली.

प्रशिक्षकांनी ज्या गोष्टीवर थांबायला हवे होते ती त्यांनी सांगितलीच नाही. 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, तेव्हा भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकत होते आणि आपल्या समाजाच्या बोर्डिंगात राहत होते. त्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ न करता ते भोजनगृहात गेले, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. पुढे याच माणसाने 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींची मुले एकाच छताखाली राहतील, एकाच पंक्तीत जेवतील असे वसतिगृह काढले, आणि त्याला शाहू महाराजांचेच नाव मिळाले. प्रत्येक समाजाला वेगळे घर बांधून देणे ही 1901 ची गरज होती. सर्वांना एका घरात आणणे हे त्यानंतरचे काम, आणि तेही कोल्हापुरात शिकलेल्या, कोल्हापुरातच दुखावल्या गेलेल्या एका विद्यार्थ्याने हाती घेतले. माझ्या वर्गातील मुले एका छताखाली आहेत. बाकांवर मात्र ती अजून आपापल्या बोर्डिंगात बसल्यासारखी बसतात. फेरीत याबद्दल पाच मिनिटे बोलणे झाले असते, तर छायाचित्रे काढणारे हात थांबले असते.

हस्तपुस्तिकेविषयी थोडक्यात. तिची भाषा इंग्रजी मजकूर शब्दाला शब्द ठेवून मराठीत उतरवल्यासारखी आहे. 'अचेतन पूर्वग्रह', 'सूक्ष्म आक्रमणे', 'समावेशी अवकाश' असे शब्द पानोपानी आहेत आणि ते वाचून कोणताही शिक्षक चौथ्या पानावर पुस्तिका मिटून ठेवील. अपवाद पान 41 चा. तेथे पंधरा दिवसांचा एक तक्ता आहे : आज प्रश्न कोणाला विचारले, फळा कोणी पुसला, वर्ग कोणी झाडला, वह्या शिक्षक खोलीत कोणी नेल्या, पाहुणे आले तेव्हा स्वागताला कोणाला उभे केले. मी तो भरला. झाडू सलग नऊ दिवस मुलींच्याच हातात होता आणि त्या नऊही दिवशी वह्या त्याच तीन मुलांनी नेल्या होत्या.

गटकार्याची एक पद्धतही शिकवली गेली, जी एलियट ॲरन्सन यांनी 1971 मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे, वेगवेगळ्या वंशांची मुले नव्याने एका वर्गात आली तेव्हा वापरली होती. धड्याचे तुकडे करून गटातील प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यायचा, जेणेकरून इतरांना त्याचे ऐकल्याशिवाय धडा पूर्ण होणार नाही. इतिहासाच्या धड्यावर मी ती पहिल्यांदा वापरली तेव्हा पुरता गोंधळ झाला. हुशार मुलांनी बाकीच्यांचे कागद हिसकावून स्वतःच वाचले. दुसऱ्या वेळी कागद वाचून झाल्यावर गोळा केले आणि मग सांगायला लावले, तेव्हा ती जमली. वीटभट्टीवरच्या एका मुलाकडे मिठाच्या सत्याग्रहाचा तुकडा होता आणि त्याने तो 'मीट' म्हणत सांगितला. कोणी हसले नाही असे नाही, पण ज्यांना उत्तर लिहायचे होते ते हसले नाहीत.

अभिप्राय लिहिण्यापूर्वी कार्यशाळेचा काही उपयोग झाला का, हे पाहण्यासाठी मी गेल्या आठवड्यात पुन्हा एक कोरा कागद घेतला. दरम्यान मी दर सोमवारी बाक बदलायला सुरुवात केली आहे, हजेरी आडनावाऐवजी पहिल्या नावाने घेते, आणि त्यामुळे वर्गातील तीन ओंकार रोज एकाच वेळी उभे राहतात. यावेळी दहा मिनिटांत 48 नावे झाली. राहिलेल्या चारांपैकी दोघे पहिल्या यादीतही राहिले होते : एका वीटभट्टीवरचा मुलगा, जो आता येत नाही, आणि ती सुंदर अक्षराची मुलगी, जी रोज येते.